दोन जावांचा तंबू

या वयात वाळवंटात तंबू ठोकून राहायची हौस त्या दोघी जावांपैकी एकीलाही नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हौसेने जाणारे निराळे. ते गॉगल लावतात, उड्या मारताना फोटो काढतात. या दोघी गेल्या त्या रागाच्या भरात, आणि रागही एकीचाच. दुसरी आपली सोबत म्हणून.

राग आला धाकटीला. तसा तिला तो यायला वेळ लागत नसे, पण त्या दिवशी कारणही तसंच होतं.

दोघींचं घर रस्त्याला लागून. खालच्या खोलीत समोरासमोर दोन शिलाई मशिनी, भिंतीला टेकवून ठेवलेले जाड कापडाचे गठ्ठे, मशीनच्या तेलाचा वास, आणि दाराशी गिऱ्हाइकांसाठी एक बाक. मागून लाकडी जिना वर जायचा, वर दोन खोल्या नि स्वयंपाकघर. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते एकामागोमाग एक गेले तेव्हा लोक म्हणाले, आता हा धंदा बसणार. कसला बसतोय! थोरली कापायची, धाकटी शिवायची. ट्रकांच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची छतं, आणि लोकांना वाळवंटात राहायला नेणारा एक तंबूवाला होता, त्याचे सगळे तंबू. काम करता करता दोघी भांडायच्या. पंखा कुणाकडे फिरवायचा यावरून भांडायच्या, खिडकी उघडायची की लावायची यावरून भांडायच्या, आणि भांडायला काहीच उरलं नाही की थोरली म्हणायची, "हा टाका बघ. याला काय टाका म्हणतात?" की झालं सुरू. बाकावरच्या गिऱ्हाइकाला चहा मिळो न मिळो, करमणूक फुकट.

थोरलीला एक मुलगा. चिरंजीव लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, त्यामुळे जिना म्हटला की तो नाक मुरडायचा. धाकटीला मूलबाळ नाही. चिरंजीवाला लहानपणी तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं. काकू, काकू करत तो तिच्या मशिनीखाली कापडाच्या ढिगात झोपून जायचा. पण आता तो मोठा माणूस झाला होता, आणि घरी आला की त्या जिन्याकडे असा बघायचा, जसं काही त्याचं जिन्याशी सात जन्मांचं वैर.

तर एके दिवशी धाकटी कापडाचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना खालच्या पायरीवरून घसरली. कंबर काळीनिळी झाली, बाकी काही नाही. थोरलीने शेक दिला, वर चार शब्दही ऐकवले. पण सुट्टीच्या दिवशी चिरंजीव हजर.

"आई, तू आता माझ्याकडे यायचं," तो म्हणाला. "नववा मजला आहे, पण लिफ्ट आहे. आणि काकू, तुझ्या भावाशी बोललोय मी. त्यांची मागची खोली रिकामीच असते."

"माझ्या भावाशी तू बोललास?"

"हो."

"मला न विचारता?"

"काकू, तुझ्या भल्यासाठीच बोललो ना!"

ती मागची खोली धाकटीने पाहिली होती. भाऊ तिच्यात मोडक्या खुर्च्या नि जुनी सायकल ठेवायचा. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरली मान खाली घालून एका तंबूच्या शिवणीतले सुटे दोरे काढत होती. हं नाही की चूं नाही. बरोबरच आहे, धाकटीच्या मनात आलं, हिचं काय जातंय? हिचा मुलगा, हिची सून, हिची नातवंडं. उठून जायचं तर मलाच जायचंय.

"आणि हे घर?" तिने विचारलं.

"बंद करू. अगं, तुम्हा दोघींना असं सोडायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर. बघायला कुणी नसलं तर दोन दिवस निघायचे नाहीत तुमचे. नळ गळला की मला फोन, फ्यूज उडाला की मला फोन."

"तो मी करते का? तुझी आई करते!"

हे खरं होतं. थोरलीने मान आणखी खाली घातली.

"दोन दिवस निघायचे नाहीत काय?" धाकटी उठलीच. तंबूवाल्याचा शिवून तयार झालेला तंबू पुढ्यात पडला होता, त्याच्यावर तिने फाडकन हात मारला. "हा तंबू घेऊन आम्ही वाळवंटात जाऊ. तीन रात्री राहू. तुला एक फोन केला, तुलाच काय, कुणालाही मदतीला बोलावलं, तर मी मुकाट्याने भावाकडे जाईन. नाही बोलावलं, तर तू पुन्हा या घराचं नाव काढायचं नाही. बोल!"

चिरंजीवाला हसू आलं. तो हसला नसता तर कदाचित गोष्ट तिथेच मिटली असती, कारण तोंडातून शब्द गेल्या गेल्या धाकटीच्या पायाखालची जमीन सरकली होती. पण तो हसला. मग माघार घेते ती धाकटी कसली!

"कबूल," तो म्हणाला. "आई, तुझं काय?"

थोरलीने दोरा दाताने तोडला. "हिला एकटीला पाठवलं तर ही तंबू उलटा ठोकेल. जाते मी."

*

तंबूवाल्याने जीपमधून त्यांना नेऊन सोडलं. जागा त्यानेच निवडली, वाळूच्या एका उंच टेकाडाच्या पायथ्याशी. त्याने पाण्याचे दोन मोठे कॅन उतरवले, चूल उतरवली, आणि टेकाडावर चढून लांब बोट दाखवलं. तिकडे चार खुरटी झुडपं होती नि काहीतरी पांढरं चमकत होतं.

"उंटांना पाणी पाजायचं टाकं आहे ते. पंप आहे. लागलं तर तिथलं घ्या. पण दिसतंय तितकं जवळ नाही हं. वाळूत जवळ असं काही नसतंच. जायचं तर ऊन कलल्यावर, नाहीतर जायचंच नाही." मग डोकं खाजवत तो म्हणाला, "आणि मला फोन केलात तर मला तुमच्या मुलाला सांगावं लागेल. शपथ घातलीय त्याने."

"घालू दे," धाकटी म्हणाली. "तुम्ही निघा."

जीप गेली. तिचा आवाजही गेला. आणि इतकं सामसूम झालं की दोघींना आपापल्या कानात काहीतरी वाजतंय असं वाटायला लागलं.

आयुष्यभर तंबू शिवले, पण ठोकला एकही नव्हता. पहिल्यांदा उभा केला तो एका अंगाला झोपला. दुसऱ्यांदा केला तेव्हा दार टेकाडाच्या भिंतीकडे आलं. "आत जायचं कुठून? वरून?" थोरली म्हणाली. तिसऱ्यांदा उभा राहिला. मग थोरलीने आतून शिवणी तपासल्या, दोन नावं ठेवली, आणि दोघी तंबूच्या सावलीत पाय पसरून बसल्या. धाकटीने घरून आणलेला हंडा नि कळशी काढली. प्लास्टिकच्या कॅनमधलं पाणी तिच्या घशाखाली उतरत नसे, त्याला म्हणे वास मारतो. दोन्ही कॅन तिने हंड्या-कळशीत रिकामे केले, उरलेलं थोरलीने पाय धुवायला वापरून टाकलं.

संध्याकाळी वाळूचा रंग बदलत गेला. तांबूस झाली, मग जांभळट, आणि दिवसभराची धग एकाएकी कुणीतरी झाकण ठेवल्यासारखी विझली. "बरं आहे की," थोरली म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द धाकटीने वर्षानुवर्षांत ऐकले नव्हते. आपण उगाच घाबरलो, असं वाटून तिला छान झोप लागली.

*

धाकटीला पहाटे जाग आली ती घरी यायची तशीच, डोळे न उघडता. लग्न होऊन आली त्या दिवसापासून सकाळचं पहिलं काम तिचं. सासूबाईंचा दंडकच होता: रात्रीचं पाणी शिळं, ते कुणाच्या तोंडी लागता कामा नये. उठलं की हंडा उपडा करायचा, कळशी उपडी करायची, विसळायचं, नळ सोडायचा, ताजं भरायचं. सासूबाई गेल्या, भावजी गेले, नवरा गेला, दंडक राहिला. हे काम ती झोपेतच करायची. खरी जाग यायची ती नळाचं गार पाणी हातावर पडलं की.

ती तंबूबाहेर आली. हंडा उपडा केला. कळशी उपडी केली. वाळूने ते पाणी असं गिळलं की साधा आवाज आला नाही. मग तिने नळाकडे हात नेला.

हात हवेतच राहिला. नळ कुठे होता? समोर वाळू, पलीकडे वाळू, आणि त्या सगळ्या वाळूत तिच्या पायाशी तेवढा एक ओला डाग. तोही तिच्या डोळ्यांदेखत सुकत चालला होता.

"अगं आई गं!" ती मटकन खाली बसली.

थोरली बाहेर आली. तिने हंडा पाहिला, कळशी पाहिली, डाग पाहिला.

"ओतलंस?"

"ओतलं."

"सगळं?"

"सगळं."

"शिळं म्हणून?"

धाकटीने मान हलवली. यापुढे थोरलीने जे सुरू केलं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. त्यात धाकटीचं डोकं होतं, तिचं माहेर होतं, आणि जिच्याबद्दल थोरलीने आजवर कधी ब्र काढला नव्हता ती सासूही होती. धाकटीने सगळं ऐकून घेतलं, आणि एकाही शब्दाला उलट उत्तर दिलं नाही. ते पाहून थोरलीच बोलता बोलता थांबली.

उरलं काय होतं? थोरलीने रात्रीच्या गोळीसाठी उशाशी घेतलेली पाण्याची बाटली, तीही पाऊण. आणि थर्मासमध्ये कालचा चहा.

"चहा शिळा आहे," थोरली म्हणाली. "तोही ओतून येतेस का?"

धाकटीला रडू येत होतं, त्यात हसू आलं. मग पुन्हा रडू आलं. "जाऊबाई, फोन लावा त्याला," ती म्हणाली. "चूक माझी आहे. माझ्यापायी तुमच्या जिवाला धोका नको. मी जाईन भावाकडे. एक खोली तर आहे, सायकल काढतील ते."

फोन थोरलीच्या पिशवीत होता. तिने तो काढला, त्याच्याकडे बघितलं, आणि दोघींच्या मध्ये सतरंजीवर ठेवून दिला.

"त्या टाक्यावर जायचं," ती म्हणाली. "आत्ता नाही. हा माझा गुडघा घेऊन आत्ता निघालो तर येताना सूर्य डोक्यावर. ऊन कललं की निघू. तिथे पाणी नसलं तर मीच फोन करीन. तहानेने मरायची हौस नाही मला. पण बघितल्याशिवाय करायची नाही."

"पण का?"

"हरायची सवय नाही मला. तुझ्या वेंधळेपणापायी तर मुळीच हरायचं नाही." आणि तिने तोंड फिरवलं.

*

तो दिवस धाकटी जन्मात विसरायची नाही. सकाळी थोरलीने तंबूवर हातभर अंतर सोडून दुसरं एक कापड ताणून बांधायला लावलं, बाजूचे पडदे वर गुंडाळायला लावले. त्याने बरंच निभावलं. तरी दुपारी बाहेरची वाळू अशी तापली की हवा नुसती थरथरत होती, आणि डोळे उघडले की बुबुळं भाजताहेत असं वाटायचं. बाटलीच्या झाकणाने दोघी पाणी प्यायच्या. एक झाकण हिला, एक झाकण तिला. बोललं की घसा सुकतो म्हणून थोरलीने बोलायची बंदी केली होती. दोघी न भांडता एका छपराखाली इतका वेळ राहिल्या, असं त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं, आणि धाकटीला उन्हापेक्षाही ते सोसवेना.

तिची नजर सारखी त्या फोनकडे जायची. थोरलीचा हात त्याच्यापासून वीतभर लांब. एक बटण दाबलं की चिरंजीव गार गाडी घेऊन धावत येईल, थोरलीला नवव्या मजल्यावर नेईल. कशासाठी थांबली आहे ही? हिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिने केव्हाच फोन लावला असता, आणि तिला कुणी नावं ठेवली नसती.

ऊन अगदी शिगेला पोचलं तेव्हा थोरलीने हात पुढे केला आणि फोन उचलला. धाकटीने डोळे घट्ट मिटले. संपलं, तिला वाटलं. जाऊ दे, माणसाने किती सोसायचं? पण आवाज काही येईना. तिने एक डोळा उघडला. थोरलीने फोन बंद केला होता आणि ती तो रुमालात गुंडाळत होती.

"तापून फुटायचा," ती म्हणाली, आणि पुन्हा आडवी झाली.

सावल्या लांब पडू लागल्या तशा दोघी उठल्या. एक रिकामा कॅन घेतला. भरल्यावर तो आणायचा कसा, हा खरा प्रश्न होता. मग धाकटीने जादा आणलेला तंबूचा खांब उचलला, आणि दोरीचा फास करून कॅन त्याला लटकवायचं ठरलं. एक टोक हिच्या खांद्यावर, एक तिच्या.

जातानाच जीव अर्धा झाला. पाऊल पुढे टाकावं तर निम्मं मागे यायचं. थोरली दर टेकाडाला थांबून गुडघ्याला शिव्या द्यायची. पांढरं टाकं दिसायचं, टेकाडाआड जायचं, पुन्हा दिसायचं, आणि दर वेळी तितकंच लांब. "सरकतंय की काय ते?" धाकटी म्हणाली. "तू बोलू नकोस," थोरली म्हणाली, "तू बोललीस की सरकतं."

टाक्यापाशी माणूस नव्हता. उंट होते पाचसहा, आणि ते त्या दोघींकडे असे बघत होते, जणू या आत्ता कुठून उगवल्या? टाकं कोरडं. खडखडीत कोरडं. धाकटी पुढे झाली. तिने पंपाचा दांडा धरला, खाली दाबला. नुसता करकर आवाज. पुन्हा दाबला. पुन्हा करकर. थोरलीचा हात पिशवीतल्या रुमालाकडे गेलेला तिने पाहिला.

"थांबा!" धाकटी ओरडली. "दोघी मिळून. तुमचं वजन आज कामाला येऊ दे!"

"माझं वजन काढतेस?" थोरली गरजली, आणि आली. दोघींनी दांड्यावर सगळा भार टाकला. एकदा, दोनदा, हात सोलवटले तरी थांबल्या नाहीत. आणि मग खोल कुठेतरी गुळगुळ झालं, पंपाने एक उचकी दिली आणि भळाभळा पाणी आलं. जरा खारट होतं, कोमट होतं. पण त्या दोघींनी ओंजळी लावून ते असं प्यायलं, तोंडावर मारलं, डोक्यावर ओतलं, की विचारू नका. थोरली चिंब भिजून उभी राहिली आणि मोठ्याने हसायला लागली. उंटांनी लगेच टाक्यात माना घातल्या. "प्या रे, प्या," धाकटी दांडा मारत म्हणाली, "ताजं आहे!"

परतीची वाट वेगळीच कसरत. थोरली उंच, धाकटी बुटकी, त्यामुळे खांबावरून कॅन सारखा घरंगळत धाकटीकडे यायचा आणि सगळं ओझं तिच्या खांद्यावर. ती काही बोलली नाही. मनात म्हणाली, ही शिक्षा मला हवीच. थोडं चालल्यावर थोरली थांबली, मागे वळली, आणि तिने दोरी ओढून कॅन आपल्या खांद्याशी आणून गाठ मारली.

"अहो, तुमचा गुडघा!"

"गुडघ्यावर नाही घेतलाय, खांद्यावर घेतलाय. चल. आणि पाऊल माझ्याबरोबर टाक."

पावलं जुळायला वेळ लागला. पण एकदा जुळली ती जुळली. सूर्य टेकला तेव्हा त्यांना आपला तंबू दिसला, आणि कॅनमधला एक थेंबही सांडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटी उठून बाहेर आली तर थोरली हंड्याच्या झाकणावर ठिय्या देऊन बसलेली.

"हे काय?"

"म्हटलं, तुझ्यातल्या सासूबाई जाग्या झाल्या तर!"

मग मात्र दोघींना वाळवंट मानवलं. थंड वेळेला टेकाडावर चढायच्या, उतरताना धाकटी लहान पोरीसारखी घसरत यायची. पुन्हा भांडणं सुरू झाली, चुलीवरून, सतरंजीवरून. पाणी कमी झालं तशी त्यांनी टाक्यावर आणखी एक खेप केली, आणि ती तर गाणी म्हणत केली. थोरली बेसूर गाते हे धाकटीने तिला तोंडावर सांगितलं.

*

निघायच्या दिवशी सकाळी सामान बांधून दोघी तंबूवाल्याची वाट बघत होत्या. थोरलीने फोन चालू केला आणि लगेच तो वाजला. चिरंजीव!

दोघी फोनकडे बघतच राहिल्या.

"उचलू नका," धाकटी कुजबुजली. "डाव असेल त्याचा. उचलला तर म्हणेल, बोललात."

"अगं, त्याने केलाय. अट आपण करायचा नाही अशी होती."

थोरलीने उचलला. फोनमधला आवाज बाहेरही ऐकू येत होता. "आई! मीच आलो होतो तुम्हाला न्यायला, तंबूवाल्याला म्हटलं तू नको जाऊ. आई, गाडी रुतली गं. पार पोटापर्यंत. टेकाडाच्या अलीकडेच आहे. पाणी पण संपलंय माझं. तुम्ही दोघी... येता का जरा?"

थोरलीने फोनवर हात ठेवला. धाकटीचे डोळे एवढे मोठे झाले होते.

"काय म्हणतोय?" धाकटीने विचारलं. ऐकलं होतं तिने सगळं, पण पुन्हा ऐकायचं होतं.

"मदतीला बोलावतोय," थोरली म्हणाली. "आपल्याला."

गेल्या दोघी. चिरंजीव गाडीच्या सावलीत बसला होता. घामाने भिजलेला, बुटात वाळू, चेहरा लालबुंद. आधी त्याला पाणी पाजलं. मग थोरलीने हुकूम सोडायला सुरुवात केली. तिघांनी ताटांनी वाळू उपसली, तंबूखाली अंथरायचं जाड कापड चाकांखाली सारलं, आणि थोरलीने मुलाला दम भरला की पाय जरा हलका ठेव, ती काय लिफ्ट आहे बटण दाबून वर जायला? दोघी मागून भिडल्या. गाडीने दोन हिसके दिले, तिसऱ्याला ती उसळून बाहेर आली आणि दोघी जावा वाळूत तोंडावर पडल्या. उठल्या त्या हसतच.

आता धाकटीने गप्प बसायचं. जिंकली होती ती! पण तिच्या पोटात काही राहील तर शपथ. "हे बघ, नंतर कुणाकडून कळायला नको," ती चिरंजीवाला म्हणाली, "पहिल्याच सकाळी मी सगळं पाणी ओतून टाकलं होतं." आणि तिने टाकं, पंप, उंट, सगळं सांगितलं.

चिरंजीवाचा चेहराच उतरला. "सगळं पाणी? या उन्हात? आणि आई, तुझ्याकडे फोन होता. घरी बल्ब गेला तर तू मला फोन करतेस, आणि इथे केला नाहीस? का?"

थोरली कपड्यांवरची वाळू झटकत होती. झटकायची थांबली.

"केला असता तर ही गेली असती ना," ती म्हणाली. "भावाच्या त्या सायकलीच्या खोलीत. आणि मी काय केलं असतं रे तुझ्या नवव्या मजल्यावर? हिच्याशिवाय मला एक दिवस करमत नाही. त्या दिवशी तू घरी बोललास तेव्हाच सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. आता सांगते. तू ऐक, आणि ही ऐकत असेल तर ऐकू दे."

धाकटी तशीच उभी राहिली, आणि डोळे वाहत होते ते पुसायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

चिरंजीवाने एक बूट काढून त्यातली वाळू झटकली. "काकू," तो म्हणाला, "त्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावून देतो. तेवढं तरी करू दे मला."

"लाव," धाकटी म्हणाली. "पण मजबूत लाव."

सामान चढलं, तंबू चढला. दोघी मागे बसल्या. चिरंजीवाने गाडी सुरू केली आणि आरशातून मागे पाहिलं. त्याने ठरवून टाकण्याआधी विचारलं असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

"कुठे सोडू?"

"घरी," थोरली म्हणाली. "आमच्या."